‘नाइस’ची नोंद

एकदा एक कोश तयार होत होता, इंग्रजीतून मराठीत. शब्दाला प्रतिशब्द देऊन थांबणारा तो कोश नव्हता. प्रत्येक इंग्रजी शब्द जन्मापासून आजपर्यंत कोणकोणत्या अर्थांनी वावरला आणि त्या त्या अर्थाला मराठीत काय म्हणावे, हे त्यात नोंदवायचे होते. एक वृद्ध कोशकार तीस वर्षे हे काम करत आले होते आणि आयुष्य पुरले असते तर आणखी तीस वर्षेही त्यांनी ते केले असते. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता.

कामाची रीत अशी होती. गावोगावचे वाचक घरी बसून जुनी इंग्रजी पुस्तके वाचत. एखादा शब्द वेगळ्या अर्थाने आलेला दिसला की ते वाक्य ते पत्त्याच्या पानाएवढ्या कागदावर उतरवून घेत, खाली पुस्तकाचे नाव व पानाचा आकडा लिहीत आणि अशा चिठ्ठ्यांचे गठ्ठे टपालाने पाठवीत. सारा कोश या चिठ्ठ्यांवर उभा होता. वाचकांना त्यातून मिळत काहीच नसे. वर्षातून एकदा मेळावा भरे, त्यात सर्वांत जास्त चिठ्ठ्या पाठवणाऱ्याचे नाव वाचून दाखवत, तेवढाच काय तो मान.

त्या मानापायीच अकरा वर्षांपूर्वी एक अनर्थ झाला होता. पिंगुळकर नावाचे एक शिक्षक वाचक म्हणून काम करत. ओळीने तीन मेळाव्यांत त्यांचे नाव वाचले गेले. चौथ्या वर्षी शिष्य नव्यानेच कामाला लागला होता. एका चिठ्ठीचे पान ताडून पाहावे म्हणून त्याने पुस्तक उघडले, तर त्या पुस्तकाला तेवढी पानेच नव्हती. मग एकेक उघडकीस आले. जाडजूड पुस्तके पिंगुळकरांनी उघडलीच नव्हती. वाक्ये मनाने रचली होती, आकडे मनाने टाकले होते. खऱ्या चिठ्ठ्यांत या खोट्या अशा मिसळून गेल्या होत्या की तांदळातले खडे वेचावेत तशा त्या वेचाव्या लागल्या. ते काम शिष्याच्या वाट्याला आले. त्याच्या उमेदीची पहिली दोन वर्षे त्यात गेली. चष्माही त्याच दोन वर्षांत लागला.

तेव्हापासून कोशाच्या कचेरीत बनावट चिठ्ठीला ‘पिंगुळी’ म्हणू लागले. एखादे वाक्य जरा जास्तच सोयीचे वाटले की कुणीतरी हसून म्हणे, “बघा हो, पिंगुळी नसेल ना?” मागाहून आलेल्या मंडळींना तर हे कुणाचे आडनाव आहे याचाही पत्ता नव्हता.

आणि एके दिवशी त्या पिंगुळकरांची ट्रंक आली.

ट्रंकेत सुतळीने बांधलेले चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते आणि वर एक पत्र. पिंगुळकरांनी लिहिले होते की मी तोच. आता निवृत्त झालो आहे. गेली सहा वर्षे जी पुस्तके वाचली, त्यांच्या या चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक चिठ्ठी तपासावी. खऱ्या ठरल्या तर माझे नाव कुठेही न घालता वापराव्यात. मागणे एकच आहे, मला पुन्हा वाचक म्हणून घ्यावे. डोळे चालतात तोवर दुसरे काही करावेसे वाटत नाही.

कोशकारांनी पत्र वाचले आणि शिष्यापुढे ठेवले. “त्रास तुला झाला होता,” ते म्हणाले, “उत्तर तू लिही.”

शिष्य चिठ्ठ्या तपासायला बसला. तपासायला म्हणण्यापेक्षा चूक शोधायला बसला, आणि हे त्याचे त्यालाही कळत होते. चार दिवसांत त्याने साठ चिठ्ठ्या पुस्तकांशी ताडून पाहिल्या. साठही बरोबर निघाल्या. पान बरोबर, ओळ बरोबर, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. याचे त्याला बरे वाटायला हवे होते. पण बिनचूक चिठ्ठीगणिक त्याचा राग वाढतच गेला. हे जमत होते तर तेव्हा का केले नाही? माझी दोन वर्षे का खाल्ली? पाचव्या दिवशी त्याने ट्रंक बंद केली आणि उत्तर लिहून काढले. पत्र छोटे होते. त्यात एक वाक्य असे होते : ‘आपण बनावट चिठ्ठ्या पाठवणारे गृहस्थ आहात, सबब आपली विनंती मान्य करता येत नाही.’

त्याच आठवड्यात त्याच्या हातून दुसरेही एक लिखाण पुरे झाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच एका शब्दाची नोंद कोशकारांनी सर्वस्वी त्याच्यावर सोपवली होती. नोंदीच्या खाली त्याची आद्याक्षरे छापली जाणार होती. शब्द होता ‘नाइस’.

वरवर पाहता हा किती सोपा शब्द. शाळकरी मुलेसुद्धा दिवसातून दहा वेळा वापरतात. पण शिष्याने त्याचा माग काढला आणि तो थक्क झाला. लॅटिन भाषेत या शब्दाचा पूर्वज ‘न जाणणारा’ अशा अर्थाचा होता. तिथून तो फ्रान्समध्ये गेला आणि ‘निर्बुद्ध’ झाला. सुमारे सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत शिरला तो ‘मूर्ख’ म्हणूनच. एखाद्याला नाइस म्हणणे ही तेव्हा उघड उघड शिवी होती. पुढे तो ‘छचोर’ माणसाला लावू लागले. मग खाण्यापिण्यात नखरे करणाऱ्याला, मग बारीकसारीक गोष्टींत अतिचिकित्सा करणाऱ्याला. चिकित्सेचाही हळूहळू गुण झाला आणि अगदी सूक्ष्म, काटेकोर भेदाला नाइस म्हणू लागले. आणि अलीकडच्या अडीचशे वर्षांत तो ‘छान’, ‘मनमिळाऊ’, ‘सुखद’ या अर्थाला येऊन पोचला. प्रत्येक पायरीला शिष्याने चिठ्ठीचा पुरावा जोडला होता. नोंद साडेतीन पानांची झाली होती. ती त्याने निदान सहा वेळा सुवाच्य अक्षरांत लिहून काढली होती.

नोंद आणि पत्र, दोन्ही त्याने कोशकारांच्या मेजावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोशकारांनी दोन्ही कागद त्याला परत दिले. पत्रावर सही होती. नोंदीवरही सही होती आणि ‘छापण्यास योग्य’ असा शेरा होता. मात्र साडेतीन पानांवर तांबड्या शाईने उभी रेघ मारलेली होती. फक्त एक ओळ शिल्लक होती : ‘नाइस : मूर्ख, अडाणी.’

“एक छापखान्यात दे, दुसरं टपालात टाक,” कोशकार म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

शिष्याला वाटले, गुरुजींची नजर चुकली असेल. पण तीस वर्षांत त्यांची नजर कधी चुकलेली नव्हती. विचारायची हिंमत होईना. तो तसाच बाहेर पडला. छापखाना जवळ होता, टपालघर त्याच्या पलीकडे.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे एक वयस्कर गृहस्थ होते. कोशाचा पहिला खंडही त्यांनीच जुळवलेला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, उलटून पाठीमागे पाहिले आणि पुन्हा सुलटा केला.

“एवढंच?” त्यांनी विचारले.

शिष्याने मान डोलावली.

“अहो, माझ्या नातीच्या वहीवर बाईंनी ‘नाइस’ लिहिलं म्हणून आम्ही घरात पेढे आणले. आता सूनबाईला काय सांगू?” ते हसले, पण शिष्याला हसू आले नाही हे पाहून गंभीर झाले. “जुळवायचं म्हणाल तर जुळवतो. मी काय, तुम्ही द्याल ते जुळवणारा माणूस. पण खाली अक्षरं तुमच्या नावाची आहेत. हे वाचून लोक आयुष्यभर तुम्हाला नावं ठेवतील, एवढं बघा.”

शिष्याने कागद परत घेऊन त्यांना दुपारपर्यंत थांबायला सांगितले. टपालघराकडे न जाता तो आल्या पावली परत फिरला.

कोशकारांपुढे तो आजवर मान वर करून बोलला नव्हता. आज तो थेट मेजापुढे जाऊन उभा राहिला. “गुरुजी, ही नोंद खोटी आहे.”

कोशकारांनी लेखणी खाली ठेवली. “यातलं कोणतं अक्षर खोटं आहे?”

शिष्य गोंधळला. तो अर्थ होता, त्याचा पुरावाही त्यानेच जोडला होता. त्याने कागदावरची ती ओळ पुन्हा पाहिली. मग म्हणाला, “अक्षर खोटं नाही. पण तो शब्द तिथं थांबला नाही. सातशे वर्षं तो चालत आलाय. आज त्याचा अर्थ काय आहे हे न सांगता आपण तो कुठून निघाला एवढंच सांगतोय. हे वाचून कुणी चांगल्या माणसाला मूर्ख समजेल.”

“म्हणजे पुढचं कापून टाकलं तर तुला चालत नाही.”

“नाही चालत.”

कोशकारांनी हात पुढे केला. “खिशातलं पत्र दे.”

त्यांनी ते उलगडले आणि त्यातले एकच वाक्य सावकाश वाचले : “‘आपण बनावट चिठ्ठ्या पाठवणारे गृहस्थ आहात.’ यातलंही अक्षर खोटं नाही. अरे, ही पण तुझीच नोंद आहे. पहिली ओळ तेवढी ठेवलीस आणि पुढचं कापलंस. मी तुझ्या साडेतीन पानांचं जे केलं, ते तू त्या माणसाच्या अकरा वर्षांचं केलंस.”

शिष्याच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखे झाले. तरी त्याने माघार घेतली नाही, कारण त्याची दोन वर्षे खरोखरच गेली होती. “शब्दानं कुणाला फसवलं नव्हतं, गुरुजी. पिंगुळकरांनी फसवलं. शब्दाला माफ करणं सोपं आहे.”

“खरं आहे,” कोशकार म्हणाले. “आता उलट बाजूनं बघ. शब्द बदलला त्यात शब्दाचे कष्ट काय होते? लोकांच्या तोंडी घोळला आणि बदलला. माणसाला मात्र स्वतःला बदलावं लागतं, आणि लोकांची तोंडं त्याला मदत करत नाहीत. आपणच त्याच्या आडनावाचा शब्द केला आणि अकरा वर्षं हसत वापरला. त्याच आडनावाची सही करून त्यानं ट्रंकेतलं ते पत्र पाठवलं. साठ चिठ्ठ्या तपासल्यास ना? त्यांचं काय झालं, हे तुझ्या पत्रात कुठं आहे?”

शिष्याने पत्र परत घेतले.

“मग जुनं विसरून जायचं?” त्याने अखेर विचारले.

“मुळीच नाही. ‘मूर्ख’ हा अर्थ कोशातून गाळलास तर तूसुद्धा बनावट कोश करशील. जुना अर्थ ठेवायचा, फक्त त्याच्यापुढे त्याचा काळ लिहायचा. एवढंच तर आपण तीस वर्षं करत आलोय.”

कोशकारांनी मेजाच्या खणातून शिष्याची मूळ साडेतीन पाने काढून दिली. त्यांनी रेघ मारली होती ती नकलेवर. “ही छापायला दे. चांगली झाली आहे.”

ज्या शब्दाची त्याने अकरा वर्षे वाट पाहिली होती तो शब्द गुरूंच्या तोंडून निघाला होता, पण त्या क्षणी शिष्याचे तिकडे फारसे लक्ष नव्हते. तो आपल्या जागेवर जाऊन बसला. नवे पत्र लिहायला त्याला बराच वेळ लागला. त्यात त्याने लिहिले की अकरा वर्षांपूर्वी आपल्याकडून बनावट चिठ्ठ्या आल्या होत्या. त्या वेचण्याचे काम माझ्याकडे होते. यंदा आलेल्यांपैकी साठ मी स्वतः तपासल्या. साठही अचूक आहेत. वाचनासाठी नवे पुस्तक सोबत पाठवत आहे. आणि शेवटी : ‘आता आपण पूर्ण विश्वासास पात्र आहात.’

कोशकारांनी पत्र वाचले आणि ते शेवटचे वाक्य खोडले. “हे तू ठरवू नकोस, मीही ठरवणार नाही. चालू अर्थापुढं आपण आरंभाचं साल लिहितो, रेघ ओढतो आणि रेघेपुढची जागा मोकळी सोडतो. तशी सोड.”

पत्र गेले. पुस्तकही गेले. दीड महिन्याने टपालाने एक गठ्ठा आला. शिष्याने सुतळी सोडली आणि एकेक चिठ्ठी पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहू लागला. गठ्ठ्याच्या मध्यावर एक चिठ्ठी होती, तिच्यावर अर्धेच वाक्य होते. खाली पिंगुळकरांच्या बारीक अक्षरात लिहिलेले होते : ‘पुढील शब्दावर शाईचा डाग आहे. अंदाजाने लिहिला असता, पण लिहीत नाही. कृपया आपल्या प्रतीत पाहावा.’

शिष्याने आपल्या प्रतीत ते पान काढले. तिथे नेमका तोच शब्द कसरीने खाल्ला होता. त्याने चष्मा पुसला, पान खिडकीशी नेले, उजेडासमोर धरले, तिरपे करून पाहिले. मग परत जागेवर येऊन त्या चिठ्ठीवर पिंगुळकरांच्या ओळीखाली त्याने लिहिले, ‘मलाही वाचता आला नाही,’ आणि पुढची चिठ्ठी हातात घेतली.