गोमाईचा कुपा

ऐका तर. फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्या पणज्या परकरात बागडत होत्या तेव्हा, कातळवेळ गावावर समुद्र रुसला. बांगडा नाही, तारली नाही. जाळ्यात यायचा तो फक्त कुपा, निळ्या पाठीचा, गुबगुबीत, ढिगांनी. पण खाणार कोण? खाल्ला की तोंड लालबुंद व्हायचं, अंगावर गांधी उठायच्या, डोकं गरगरायचं. मासा शापाचा आहे असं ठरवून लोक मोकळे झाले. एकदा शाप म्हटलं की पुढे डोकं चालवावं लागत नाही!

त्या गावात गोमाई नावाची विधवा राहायची. तिची सून शेवंती पोटुशी होती आणि नुसत्या पेजेवर दिवस काढत होती. एके सकाळी मुलगा दाजी म्हणाला, "आये, हयसर ऱ्हावन उपाशी मरतलव. उद्या गाव सोडून घाट चढाया."

अवघडलेली शेवंती घाट चढणार नाही, हे गोमाईला दिसत होतं.

ती किनाऱ्यावर जाऊन बसली. समोर कुप्यांचा ढीग पडला होता. गावाची रीत अशी, की शेवटची होडी लागून गावचा मानकरी, म्हणजे गावकार, हळदकुंकू वाहीपर्यंत माशाला सुरी लावायची नाही. मग मासा बिचारा दुपारपर्यंत उन्हात. गोमाईने सहज ढिगात हात घातला आणि चटकन मागे घेतला. मासा तापलेल्या पोरासारखा लागत होता.

तेवढ्यात एक होडी आली. गोमाई सुरी घेऊन थेट पाण्यात शिरली.

"गोमाय, रीत मोडतंस?" गावकार ओरडला.

"गावकारांनू, रीत थांबता, पण माशाचा आंग तापता. हात लावन बघा!"

गावकाराने काही हात लावला नाही. तिने कमरभर पाण्यात होडीतून काढलेल्या जिवंत कुप्याच्या कल्ल्याखाली सुरी फिरवली. असं म्हणतात, क्षितिजापर्यंत पाणी लाल झालं आणि बाकीचे कुपे आपणहून तिच्या पायांशी आले. रक्त निथळल्यावर तिने आतला काळ्या मांसाचा पट्टा काढून टाकला, मासा लगेच मडक्यात घातला, वर आमसुलं, तिरफळं आणि वाटलेलं खोबरं.

मग सगळ्यांच्या देखत ती एकटी जेवली, आणि तिथेच बसून राहिली. दाजी तिच्या तोंडाकडे बघत रडत होता. शेवंतीला भूक लागली होती, पण गोमाईने तिला जवळ येऊ दिलं नाही. दिवस कलला. गोमाईचा चेहरा होता तसाच सावळा, शांत.

"शेवंते," ती म्हणाली, "ये गो. जेव आता."

असं म्हणतात, सारा गाव जेवला तरी ते मडकं रिकामं झालं नाही. घाट मात्र कोणीच चढलं नाही.

आजही कातळवेळला हंगामातला पहिला कुपा कमरभर पाण्यातच कापतात. कालवण शिजलं की गावातली सर्वांत म्हातारी बाई आधी एकटी जेवते. सारा गाव भुकेला, गप्प उभा राहतो. मग ती हात धुते आणि गावातल्या पोटुशी बाईला हाक मारते, "ये गो. जेव आता." त्या वर्षी कोणी पोटुशी नसली, तरी हाक मारतातच.