एकमताचं पुस्तक

कोरेगव्हाणच्या वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेब देशमाने अभिप्रायवही चाळता चाळता ड्रॅगनच्या बालकादंबरीपाशी आले आणि भडकलेच. एकीला ड्रॅगन भित्रा वाटला होता, दुसऱ्याची त्याला पाहून गाळण उडाली होती आणि एका आजोबांनी तर ‘ड्रॅगनला कुणी वेळेवर जेवू घालत नाही’ अशी तक्रारच नोंदवली होती.

“बारा वाचक आणि तेरा मतं! रद्दीत घाला असलं पुस्तक,” बापूसाहेब गरजले. “चांगल्या पुस्तकावर कसं सगळ्यांचं एकमत हवं!”

ग्रंथपाल विमलताई बिडव्यांना हे मुळीच पटलं नाही. याच पुस्तकासाठी पोरं रोज दारात रांग लावायची. पण त्यांनी शांतपणे त्याच वहीची मागची पानं उलटली.

“खरंय, साहेब. एकमत झालेलं एकच पुस्तक आहे आपल्याकडे. तुमचा कवितासंग्रह. चाळीस वाचक, आणि चाळिसांचं मत ‘अप्रतिम’.”

बापूसाहेबांची छाती फुगली. “बघा!”

“बघितलं ना. मत एक, शाई एक आणि अक्षरही एकच, तुमच्या हातचं. मग सांगा, रद्दीत कुठलं घालू?”

बापूसाहेबांनी ड्रॅगन स्वतःच्या हातानं कपाटात नेऊन ठेवला.