पहारेकऱ्याच्या गोळ्या

कालिंदीबाई पवळे द्राक्षमळ्यात एकट्या राहत. घरावर दोनदा दरोडा पडला, तेव्हा त्यांनी पिस्तुलाचा परवाना काढला. शस्त्रविक्रेत्या जाचकांनी ‘बायकांच्या हाताला हेच शोभतं’ म्हणत एक नाजूक पिस्तूल त्यांच्या माथी मारलं. पहिल्याच सरावात ते अडकलं आणि तीन दुरुस्त्यांनंतरही अडकतच राहिलं.

चौथ्या खेपेला जाचक गिऱ्हाइकांदेखत हसले. "अहो बाई, ते उडायलाच हवं असं कुठंय? नुसतं दाखवायचं. आत बिघाड आहे हे चोराला काय ठाऊक?"

"खरंच की!" बाई म्हणाल्या. "मग दारातल्या तुमच्या पहारेकऱ्याच्या बंदुकीतल्या गोळ्या आत्ताच काढून घ्या. चोराला काय ठाऊक?"

"दुकान लुटवायचंय का मला?"

"नाही हो. लुटायला माझं घर आहेच."

गिऱ्हाइकांनी हातातल्या बंदुका मुकाट खाली ठेवल्या. जाचकांनी त्याहून मुकाट पिस्तूल बदलून दिलं.

मात्र नव्या पिस्तुलाचा नंबर परवान्यावर चढेपर्यंत ते दुकानातच ठेवायचा नियम आहे. या अदलाबदलीला आता चार महिने झाले. बाई मळ्यात अजून रिकाम्या हातानेच झोपतात. परवान्याच्या कचेरीत चोख उत्तर चालत नाही, तिथे अर्ज लागतो.