भेकरीची हाळी

नदीकाठच्या एका दाट जंगलात एक भेकरी आपल्या इवल्याशा पाडसाला घेऊन राहत असे. भेकर म्हणजे बुटकंसं हरीणच, पण त्याचा आवाज ऐकाल तर दचकाल, मुलांनो! कुत्र्यासारखं खणखणीत भुंकतं ते. या जंगलाची एक जुनी रीत होती. संकट ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं, आणि ज्याच्या कानावर ते पडेल त्यानं पुढे ओरडायचं. झाडावरून वानर, झुडपातून भेकर, फांदीवरून साळुंकी. अशी हाळी गेली की सगळे सावध होत.

मग नदीपलीकडून लांडगे आले. आले पाहुणे म्हणून, आणि बघता बघता मालक होऊन बसले. त्यांच्या म्होरक्यानं फर्मान काढलं, "काय हा गोंगाट! रानटी कुठले! आम्ही तुम्हाला शांतता शिकवायला आलो आहोत. आजपासून जो ओरडेल, त्याला आधी खाऊ." ऐकलंत? चोर घरात शिरतो आणि घरच्यांनाच दटावतो, हळू बोला म्हणून! आणि खरी चीड याची येते की सगळ्यांनी ते निमूट ऐकून घेतलं. ससा गेला, चितळाचं पोर गेलं. वानरानं वरून सगळं पाहिलं आणि तोंड दाबून धरलं. भेकरीही मूग गिळून बसली. पाडस लहान होतं ना तिचं! आपण गप्प राहिलो तर आपलं घर वाचेल, असं ज्याला त्याला वाटे. लांडग्यांना आणखी काय हवं होतं?

शेवटी न राहवून भेकरी हत्तीकडे गेली. "हत्तीदादा, तुम्ही एवढे थोर. तुम्ही तरी काहीतरी करा."

हत्ती कान हलवत म्हणाला, "अगं, मी लांडगेसाहेबांना विनंती केली आहे. ते विचार करतो म्हणालेत. जरा धीर धर."

"त्यांना विचार करायला सवड आहे, दादा. इथं आमची पोरं रोज मरतायत!" भेकरी म्हणाली. हत्तीनं नुसतं उसाचं कांडं तोंडात टाकलं.

एका दुपारी भेकरी पाडसाला घेऊन पाणवठ्याजवळच्या झुडपात बसली होती. समोर सांबराचं पिल्लू पाणी पीत होतं आणि गवतातून लांडगे त्याच्याकडे सरकत होते. भेकरी त्यांना दिसली नव्हती. ती गप्प बसली असती तर तिच्या केसालाही धक्का लागला नसता. ओरडली तर पाडसासकट मरण! तिनं पाडसाकडे पाहिलं. उद्या आपलं पाडसही असंच पाणी पीत असेल, आणि झुडपात दुसरी आई अशीच तोंड मिटून बसेल. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती भुंकली!

पिल्लू उधळलं. लांडगे गर्रकन वळले. "धरा तिला!" म्होरक्या गुरगुरला. पाडसाला पुढे घालून भेकरी पळाली, पण एकानं तिच्या मांडीचा लचका तोडलाच. तेवढ्यात वरून वानर ओरडलं, "भेकरताई, डावीकडे वळ! उजवीकडे दुसरा दबा धरून बसलाय!" लगेच साळुंक्यांनी कलकलाट केला. मोर केकाटले, सांबरं ओरडली. "गप्प बसा!" म्होरक्या किंचाळला. कोण ऐकतंय आता! लांडगे जिकडे जात तिकडे त्यांच्याआधी हाळी पोचे. एकही शिकार मिळेना. पोटं खपाटीला गेली, तसे ते शेपूट घालून नदीपलीकडे चालते झाले.

मग हत्तीमहाराज उंच दगडावर उभे! "पाहिलंत? अखेर माझ्या विनंतीला यश आलं."

"आई, लांडग्यांना हत्तीमामांनी घालवलं?" पाडसानं विचारलं.

भेकरी लंगडत पुढे आली. "दादा, तुमची विनंती ऐकता ऐकताच ते आमची पोरं खात होते. ते गेले ते आम्ही तोंड उघडलं म्हणून. मान हवा तर तुम्ही घ्या. पण माझ्या लेकराला खोटं सांगू नका."

हत्ती खाली उतरला.

तात्पर्य : परक्यांचा जुलूम सामान्यांच्या गप्प बसण्यावर पोसला जातो, तो मोडायला थोरामोठ्यांची वाट पाहत बसू नये, पहिला आवाज आपणच उठवावा.