उंबऱ्याबाहेरचा भाव

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्खूंच्या गुरूंनी, कोणत्या वर्षावासात सांगितली, हे आता खात्रीने सांगवत नाही. निमित्त एका भिक्षापात्राचे होते असे आठवते. काही वृद्ध भिक्खू म्हणतात की पात्राचे नव्हे, चिवराचे. पात्राचेच असावे. कोट्टक नावाच्या तरुण भिक्खूने आपली जाड घोंगडी देऊन दुसऱ्या एका भिक्खूकडून नवेकोरे, आरशासारखे लखलखीत पात्र घेतले होते. थंडी पडली तेव्हा त्याला घोंगडी परत हवी झाली. पण चार भिक्षाफेऱ्यांत काळवंडलेले ते पात्र आता कोणी फुकटही घेईना. बाकीचे त्याची थट्टा करत असताना शास्ता तिकडे आले आणि म्हणाले, "हा आजच फसला असे नाही. पूर्वीही फसला होता, आणि तेव्हा मी शेजारीच उभा होतो." मग त्यांनी ती गोष्ट सांगितली.

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात विश्वकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील पारख्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव वेणुदत्त. रथशाळेच्या फाटकाशी बसून रथांचा भाव ठरवणे हे त्याचे काम. त्या कामाची एक रीत होती. घेणारा आणि विकणारा समोर उभे राहत. पारख्याने चाकाच्या मधल्या तुंब्यावर तळहात ठेवायचा, भाव एकदाच बोलायचा आणि गप्प व्हायचे. तो भाव आजचा, समोरच्या वस्तूचा. काल काय होता आणि उद्या काय येईल, हे बोलण्याचा त्याला अधिकार नव्हता. ज्याची पारख केली ती वस्तू स्वतः विकत घेण्याचा तर मुळीच नव्हता. या दोन गोष्टींची खूण म्हणून त्याच्या गळ्यात पितळेची लहान घंटा असे.

राजाला शर्यतींचा नाद होता. दर वसंतात तो नव्या घडणीच्या रथात बसून मैदानात उतरे, आणि मग नगरातल्या प्रत्येक तरुणाला तसाच रथ हवा असे. हे रथ हलके, एकाच माणसाचे. कठडा घेणाऱ्याच्या कमरेच्या मापाचा, पाय रोवायची फळी त्याच्या पावलांच्या मापाने कोरलेली. दुसऱ्या कोणाला तो नीट बसत नसे. शिवाय पुढच्या वसंतात घडण बदलत असे. त्यामुळे रथ रथशाळेचा उंबरा ओलांडून रस्त्यावर उतरला की त्याचा भाव निम्मा होई, आणि वर्ष उलटण्याआधी तिसऱ्या हिश्श्यावर येई. वेणुदत्ताच्या तळहाताला हे पाठ होते. घेणाऱ्यांना मात्र कोणी सांगत नसे.

एका वसंतात सिंधुल नावाचा म्हातारा नावाडी आपल्या मेघिल या मुलासह रथशाळेत आला. नदीच्या मधोमध नळखेट नावाचे बेट होते. चाळीस घरांची वस्ती, त्यात यांचेही घर. बेटावरून काठावर यायला सिंधुलाच्या दोन मोठ्या नावा होत्या, आणि त्या मेघिलाने आदल्या दिवशी एका लाकूड व्यापाऱ्याला हजार कार्षापणांना विकल्या होत्या.

रथशाळेचा प्रमुख भद्रसाल मेघिलाचा हात धरून त्याला रथावर चढवत होता. "पाऊल ठेव, दादा. बघ, तुझ्याच पायाचा साचा. अख्ख्या अश्मक देशात दुसऱ्या कोणाचा पाय यात बसायचा नाही."

"बाबा, बघा तर," मेघिल वरून म्हणाला. "नाव लाकडाची, रथही लाकडाचाच. नाव कुजते. याला सोन्याचा पत्रा आहे. चार महिने मिरवून घेतो, मग विकू आणि नावा परत घेऊ."

"नावेत म्हशी बसतात," सिंधुल म्हणाला. "यात तुझी आई तरी बसेल का?"

"आई कशाला येते शर्यतीत?"

भोवतीची माणसे हसली. फाटकाबाहेरच्या पाणपोईवर रेवा नावाची बाई बसत असे, तीही हसली. वेणुदत्ताने तुंब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हजार कार्षापण." भाव खरा होता. त्या क्षणी तो रथ हजाराचाच होता.

त्यानंतरचे त्याला कधीच नीट आठवले नाही. म्हातारा आपल्याकडे वळला होता, एवढे आठवे. त्याचे ओठ हलले. तो काही बोलला असेल, किंवा उपरण्याने नुसते तोंड पुसले असेल. आत घणांचे ठोके चालू होते. वेणुदत्ताने मान वर केली. फाटकाच्या कमानीत चिमणीने घरटे केले होते. ते घरटे त्याला पुढे आयुष्यभर काडीन् काडी आठवत राहिले.

शर्यतीत मेघिल नववा आला.

ज्येष्ठ संपता संपता वरच्या अंगाचे गवळी गुरे घेऊन खाली आले. डोंगरात पाणी फार झाले आहे, नदी यंदा बेट सोडणार नाही, असे ते सांगू लागले. एरवी अशा वेळी सिंधुलाच्या नावा माणसे, म्हशी आणि धान्य काठावर आणत. या वर्षी त्या ओंडके वाहत होत्या. मेघिल लाकूड व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी म्हणाला, "ज्या भावाला घेतल्या त्याच भावाला घेऊन जा. मी व्यापारी आहे, चोर नाही." नावांचा भाव तसूभर उतरला नव्हता.

मेघिल रथ ओढत फाटकाशी आला. शर्यतीसाठी घेतलेले घोडे त्याने आधीच विकून खाल्ले होते. एका केशर व्यापाऱ्याचा मुलगा घ्यायला तयार होता. "पारखी सांगतील तो भाव देईन," असे तो चार माणसांत म्हणाला होता.

भद्रसालाने वेणुदत्ताला बाजूला घेतले. "नऊशे म्हणा. उरलेले शंभर मी घालतो. पोराच्या नावा सुटतील, बेटावरची माणसे सुटतील, माझीही अब्रू राहील. यात वाईट कोणाचे होते?"

"घेणाऱ्याचे."

"तो पुढच्या वर्षी दुसरा घेणारा शोधेल."

"आणि तो दुसरा?"

"तुम्ही फार लांबचे बघता, बुवा. एवढे लांबचे वसंतात बघितले असते तर?"

वेणुदत्त मागे वळला. तो परत आला, तुंब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तीनशे."

"काका, चारच महिने झालेत," मेघिल म्हणाला. "एकदाच पळवला मैदानात. ओरखडासुद्धा नाही."

"तीनशे."

"तेव्हा तुम्हीच हजार म्हणालात."

"तेव्हा हजारच होता."

"मग सातशे गेले कुठे?"

केशरवाल्याच्या मुलाने रथाभोवती एक फेरी मारली. "तीनशेचा रथ मी काय म्हणून घ्यावा?" तो म्हणाला. "मित्रांना काय सांगू?" आणि तो निघून गेला. नऊशेला त्याने आनंदाने घेतला असता.

मेघिल चाकाला टेकून खाली बसला. "आई बेटावर आहे," तो म्हणाला. "बाबाही."

खोटा भाव बोललो असतो तर या घटकेला नावा सुटल्या असत्या, हे वेणुदत्ताला दिसत होते. खरा बोललो म्हणून चाळीस घरे पाण्यात जाणार, हेही दिसत होते. मग त्याने गळ्यातली घंटा काढून फाटकाच्या खुंटीला अडकवली.

"आता मी पारखी नाही," तो म्हणाला. "घेणारा आहे. रथ हजाराला घेतो."

त्याच दिवशी त्याने आपले घर आणि आंब्याची बाग विकली. घेणारा भद्रसालाचा मेहुणा होता, आणि घाईतल्या माणसाला मिळतो तोच भाव त्याने दिला. पण हजार जमले. ऊन उतरण्याआधी नावा बेटाकडे निघाल्या. चौथ्या दिवशी नदी बेटावरून वाहू लागली. तोवर शेवटची म्हैससुद्धा काठावर आली होती. सिंधुल चारही दिवस वल्ह्यावर होता. भिजून त्याला ताप भरला, आणि पंधरवड्यात तो गेला.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरे झाले असते.

शरद ऋतूत मेघिल बाजारात सांगू लागला, "हजाराला घेतला, हजाराला विकला. चार महिने फुकट मिरवलो. आणि घेणारा कोण? खुद्द पारखी. त्याला कळत नाही म्हणता?" हे सगळे त्याला मनापासून खरे वाटत होते. पुढच्या वसंतात रथशाळेतून सत्तावीस नवे रथ गेले. त्याआधी कधी दहाच्या वर गेले नव्हते. वेणुदत्त तेव्हा नदीकाठी झोपडीत राहून चटया विणत असे. भद्रसालाने त्याच्याकडे मोदकांची टोपली पाठवली. सोबत निरोप होता, "सगळी तुमची कृपा." रथ झोपडीशेजारी उभा होता. त्यात ओझे वाहता येत नव्हते आणि वेणुदत्ताचा पाय त्या साच्यात बसत नव्हता. कठड्यावर कोंबड्या बसत. मोदक त्याने त्यांना घातले.

तो रोज फाटकाबाहेर जाऊन बसू लागला. आत जाणाऱ्या प्रत्येकाला, कोणी न विचारता, सांगे, "उंबरा ओलांडला की निम्मा होतो, बाबा."

"तुम्ही स्वतः तर हजार दिलेत की," लोक म्हणत.

तो पुढच्या माणसाकडे वळे. नऊ वर्षांत तीन माणसे मागे फिरली. त्यातला एक दुसऱ्या रथशाळेत गेला.

चटया विणताना त्याला एकच गोष्ट टोचत राही. त्या दिवशी म्हाताऱ्याने आपल्याला विचारले होते का? विचारले नसेल, तर आपण रीत पाळली, आणि घर दिले ते करुणेने दिले. विचारले असेल, तर ते दान नव्हते. आपल्याच गप्प बसण्याची ती भरपाई होती, आणि तीही अपुरी. सिंधुल तर उरला नव्हता. मेघिलाला विचारून उपयोग नव्हता; त्या दिवशी त्याचे लक्ष आपल्या पावलांकडे होते.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा मेघिल म्हणजे हा कोट्टक. भद्रसाल म्हणजे ज्याने याला पात्र दिले तो. सिंधुल म्हणजे कोट्टकाचे उपाध्याय. घोंगडी देऊ नकोस असे त्यांनी याही वेळी सांगितले होते. पारखी वेणुदत्त तो मी. लोक तो जन्म दानासाठी आठवतात. मी तो सत्यासाठी सांगतो. भाव खरा बोलून मी सत्य पाळले असे समजलो. पण ज्याला जे कळायला हवे होते ते त्याला सांगितले नाही, तोवर माझे सत्य अर्धेच होते. ते पुरे करायला मला नऊ वर्षे उंबऱ्याबाहेर बसावे लागले. याला सत्यपारमी, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.

"आणि पाणपोईवरची रेवा म्हणजे त्या खांबाशी बसलेली ही वृद्ध भिक्खुणी, ही थेरी."

थेरीने मान खाली घातली. त्या जन्मी नवव्या वर्षी, पाणी प्यायला ओंजळ पुढे करताना, वेणुदत्ताने तिला अखेर त्या म्हाताऱ्याबद्दल विचारले होते. तिने ओंजळीत धार धरली आणि सांगितले, "विचारलं होतं की. 'पुढल्या वर्षी याचे किती येतील, बुवा?' असं. दोनदा विचारलं. तुम्ही वर घरट्याकडे बघत होता."