कासवाने मान खाली घातली

मुलांनो, एका आडबाजूच्या जंगलात एक कासव राहत असे. तिथले मोजकेच प्राणी एक अवघड खेळ खेळत. दोघांमध्ये पानांचा आडपडदा उभारायचा, आपापल्या बाजूला खड्यांचा किल्ला रचून त्यात एक खडा 'राजा' म्हणून लपवायचा आणि पलीकडच्याचा राजा कुठे दडला आहे, हे निव्वळ बुद्धीने ओळखायचे. कासव या खेळाचे पंच होते. त्याला दुसरे गणगोत नव्हते. हा खेळच त्याचा संसार होता.

खेळाडूंमध्ये वानराचे नाव मोठे. त्याचा डाव असला की बघ्यांची गर्दी होई. एकदा त्याच्यासमोर खार बसली. तिने विचार करकरून राजा अशा जागी लपवला, की कुणाला सुचूही नये. वानराने तो पहिल्याच चालीत उचलला! कासवाने मान वर केली. फांदीवरून एक कावळा खारीच्या किल्ल्यात डोकावत होता आणि पंख हलवून वानराला खुणा करत होता.

"पंचकाका, तो कावळा सांगतोय त्याला! तुम्ही पाहिलंत ना?" खार रडवेली होऊन म्हणाली.

कासवाने पाहिले होते. पण वानराला हाकलले तर गर्दी कशी जमणार? खेळच बसायचा! त्याने मान खाली घातली. "कावळ्याने कुठे बसावं, ही त्याची मर्जी. हरलीस ते मान्य कर, पोरी."

खार खडे तिथेच टाकून निघून गेली.

मग काय! साळिंदराने पोपट बसवला, मुंगसाने साळुंकी. फांदीफांदीवर हेर झाले. ज्यांना लबाडी जमेना, ते यायचे थांबले. बघेही पांगले. शेवटी कासवाने धीर करून वानराला बजावले, "आजपासून तुला इथे मज्जाव!"

वानर खो खो हसला. "खेळायला उरलंय कोण, काका?"

कासव रखडत खारीच्या झाडाखाली गेले. "पोरी, माझं चुकलं. त्याला घालवून दिलंय मी. ये ना खेळायला."

खार वरूनच म्हणाली, "हरण्याचं मला काही नाही, काका. पण तुम्ही पाहिलंत, आणि मलाच गप्प केलंत."

ती ढोलीत शिरली. कासव बराच वेळ वर बघत राहिले. कुणी बाहेर आले नाही.

तात्पर्य : खेळ टिकावा म्हणून पंचाने लबाडीकडे काणाडोळा केला, तर आधी विश्वास जातो आणि त्याच्यामागून खेळही जातो.