ठमाईची भट्टी

फार मागे, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका गावात ठमाई नावाची धावडीण राहायची. डोंगरातला लाल दगड भट्टीत घालून लोखंड काढायचं, हा तिचा पिढीजात धंदा.

एका उन्हाळ्यात भुईला हादरा बसला आणि गावाच्या एकुलत्या एका झऱ्यावर भलामोठा धोंडा येऊन पडला. तो हलवता हलवता गावातल्या साऱ्या पहारी मोडल्या. घराघरांतल्या हंड्यांतलं पाणी तळाला गेलं. शेवटी पाटील ठमाईच्या दारी आला.

"ठमाई, लोखंड काढ बाई. नव्या पहारीशिवाय तो धोंडा हलायचा नाही."

ठमाईने मातीची उंच भट्टी रचली. आत कोळसा आणि लाल दगड यांचे थरावर थर भरले. तिचा नवरा केरबा भाता ओढायला बसला. भट्टी पेटली. गाव भोवती येऊन बसलं.

ऐन दुपारी भट्टीच्या बुडाशी चीर गेली. ठमाई धावतच चिरेपाशी गेली.

"एवढीशी तर चीर आहे!" पाटील म्हणाला.

"पाटीलदादा, दगडातल्या लोखंडाला वारा चिकटून बसलेला असतो. कोळसा जळता जळता तो ओढून घेतो, धुराबरोबर बाहेर नेतो, तेव्हा कुठे लोखंड मोकळं होतं. या चिरेतून नको तिथे वारा शिरला, की लोखंड त्याला पुन्हा कवटाळील. सगळी मेहनत वाया."

चीर लिंपायला चिखल हवा होता, आणि घरात पाणी उरलं होतं तांब्याभर. भात्याशी बसलेल्या केरबाचे ओठ सुकून फुटले होते. ठमाईने तांब्या उचलला, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचा हात तिथेच थबकला.

केरबाने भाता थांबवला नाही. "ओत," एवढंच म्हणाला.

तिने पाणी मातीत ओतलं. तापल्या भिंतीवर हात भाजत होते, तरी चीर पुरती बुजेपर्यंत ती लिंपत राहिली.

पाटील पुढे आला. त्याने फेटा सोडून कमरेला बांधला, केरबाला हाताला धरून सावलीत बसवलं आणि स्वतः भाता ओढू लागला. मग एकेक करून सारं गाव पाळीला उभं राहिलं.

दिवस कलताना भट्टी फोडली. आत लोखंडाचा लालबुंद गोळा! गावच्या लोहाराने तो ठोकून ठोकून जाड पहार घडवली. सगळ्यांनी मिळून जोर लावला, धोंडा कलंडला आणि पाणी खळाळत बाहेर आलं.

पहिली ओंजळ गावाने ठमाईपुढे धरली. तिने ती केरबाच्या ओठांशी नेली.

तात्पर्य एवढंच: गावाची तहान भागायची, तर कुणाला तरी आपली तहान थोडी मागे ठेवावी लागते.